टॅनर्स ब्रिजची घंटा

१

क्लिफर्ड अर्नेस्ट सग्डन, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. सेंट ऑस्विन टर्मिनसच्या कुंपणापाशी ठेवलेल्या नोंदवहीत तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी असे पुरते लिहीत असे. वयासाठी त्या वहीत रकाना नव्हता. बाकीची माणसे नावाच्या जागी दोन अक्षरे खरडून आत पळत. क्लिफर्डचे म्हणणे असे, की माणूस आत असताना छप्पर कोसळले तर ढिगाऱ्याखाली नेमके कोण आहे हे बाहेरच्यांना कळायला हवे.

“दीडशे वर्षं उभं आहे ते छप्पर, मिस्टर सग्डन,” विजेच्या कामावर देखरेख करणारा नदीम म्हणे. “तुम्ही आत गेल्यावरच पडायला त्याचं तुमच्याशी काय वैर आहे?”

“असेलही. सदुसष्ट साली त्याला सोडून जाणारा शेवटचा माणूस मीच होतो.”

हे खरे होते. यॉर्कशरमधल्या त्या शहराला दोन स्टेशने कशाला हवीत, असे म्हणून सदुसष्टमध्ये टर्मिनस बंद करण्यात आले. रूळ उखडले गेले. लोखंडी कमानींच्या आणि काचांच्या त्या प्रचंड मांडवाखाली पुढची पन्नास वर्षे मोटारी उभ्या राहिल्या. पुढे मुख्य स्टेशन इतके तुंबले की गाड्या शहराबाहेर एकीमागे एक खोळंबू लागल्या, आणि मग ज्यांनी या जागेकडे कधी मान वळवून पाहिले नव्हते त्यांना म्हाताऱ्या टर्मिनसची आठवण झाली. चार फलाट पुन्हा बांधायचे ठरले. फलाटांच्या तोंडाशी लोखंडी खांबांवर उभी असलेली सिग्नल केबिन मात्र पाडायची नाही, लोकांना पाहण्यासाठी तशीच राखायची, असेही ठरले. तिच्यात रूळ आणि सिग्नल हलवणारे चाळीस लोखंडी खटके होते. कोणता खटका कशाचा, हे सांगू शकणारा माणूस शहरात एकच उरला होता: त्या केबिनमध्ये शेवटपर्यंत काम केलेला क्लिफर्ड.

म्हणून तो येई. बरोबर पितळ उजळण्याचा डबा, जुने फडके आणि चहाचा थर्मास. दुपारी दोन ते चार. तेवढा वेळ त्याची मुलगी हेदर आईजवळ बसत असे.

२

ऑक्टोबरचा पहिला मंगळवार. दोन वाजून दहा मिनिटांनी क्लिफर्ड सतराव्या खटक्याची मूठ घाशीत असताना घंटा एकदा वाजली.

खटक्यांच्या वर एक लांब फळी होती. तीवर लाकडी पेटीत बसवलेली पितळेची घंटा, तिच्यासमोर टोला देण्याची कळ, आणि शेजारी तीन जागा दाखवणारा काटा: बंद, मोकळा, गाडी मार्गावर. दोन केबिनमध्ये बसलेली माणसे एकमेकांशी बोलत ती एवढ्याच साधनाने. एक टोला म्हणजे ‘लक्ष आहे का?’ त्याचे उत्तर एका टोल्याने द्यायचे. हे उत्तर कोणी विचार करून देत नसे. झोपेत कूस बदलावी तसा हात आपोआप जाई.

क्लिफर्डचा हात तसाच गेला. कळ दाबली गेल्यावर, आणि दुसऱ्या हातातले फडके जमिनीवर पडल्यावर, त्याला आपण काय केले ते समजले.

आता घंटा पुन्हा वाजली. तीन टोले. मध्ये थोडे थांबून आणखी एक.

तीन आणि एक म्हणजे ‘प्रवासी गाडी आहे, पाठवू का?’ पाठवायची असेल तर तेच टोले परत वाजवायचे आणि काटा ‘मोकळा’वर फिरवायचा. नको असेल तर काहीच करायचे नाही. रेल्वेत ‘नाही’ या शब्दासाठी टोलाच नव्हता. गप्प राहणे हाच नकार. विचारणारा समजून घेई, थांबे, आणि काही वेळाने पुन्हा विचारी.

क्लिफर्ड गप्प राहिला.

“वाजते की हो अजून!” खालून नदीमची हाक आली, आणि पाठोपाठ लोखंडी जिन्यावर त्याचे बूट. वर येऊन त्याने पेटी भिंतीपासून थोडी ओढली. मागे कापडाच्या वेष्टनातल्या दोन तारा लोंबत होत्या. तोडलेल्या टोकांवर हिरवट गंज चढला होता.

“हे पाहा. बॅटरी नाही, जोडणी नाही. दुसरं टोक कुठे होतं हिचं?”

“टॅनर्स ब्रिजला. दीड मैलावर.”

“तिथे आता काय आहे?”

“घरं.”

“मग एखाद्या आजीबाईंनी वाजवली असेल,” नदीम हसला. “अहो, पलीकडे खांब ठोकतायत. जमीन हादरते. काल माझा चहाचा कप टेबलावरून चालत निघाला होता. मी त्याला थांब म्हणालो, तर ऐकेना.”

क्लिफर्डने मान डोलावली. खुलासा पटण्यासारखा होता. जमीन हादरली तर घंटेचा हातोडा हलणारच. तिसऱ्या आणि चौथ्या टोल्याच्या मध्ये जमीन एवढी विचारपूर्वक कशी थांबली, हा प्रश्न त्याने नदीमला विचारला नाही. शिवाय टॅनर्स ब्रिजच्या त्या घरांपैकी अकरा नंबरच्या घरात आपण स्वतः राहतो, हेही सांगायचे त्याने टाळले.

३

टॅनर्स ब्रिजच्या केबिनमध्ये त्या काळी वॉल्टर हेग हा माणूस असे. उंच, कमी बोलणारा, नियमांचे पुस्तक खिशात बाळगणारा. त्याचा उजवा खांदा युद्धातून आल्यापासून धड नव्हता. थंडीच्या दिवसांत तो वर उचलला जात नसे, आणि अशा दुपारी बापाचा डबा घेऊन आलेली मुलगी त्याच्या वतीने घंटा वाजवी. हे नियमाच्या सर्वस्वी विरुद्ध होते. क्लिफर्डने ते पहिल्याच दिवशी ओळखले. प्रत्येक माणसाचा टोला निराळा असतो. हिचा शेवटचा टोला नेहमी जरा उशिरा पडे, जणू काही गंमत सांगायची आहे आणि ती सांगावी की नाही याचा ती विचार करते आहे.

सहा महिने तो त्या टोल्याशी बोलत होता. मग एका रविवारी तो टॅनर्स ब्रिजपर्यंत चालत गेला. केबिनच्या पायरीवर निळ्या लोकरी टोपीतली एक मुलगी बटाटे सोलत बसली होती.

“तुम्ही सेंट ऑस्विन,” ती मान वर न करता म्हणाली. “जिन्यावरसुद्धा तुम्ही मोजून पाय टाकता.”

हीच एनिड. वॉल्टरची केबिन एकाहत्तर साली पाडली गेली. पुढे त्या मार्गाच्या जमिनीवर बैठी घरे उभी राहिली, त्यांतले अकरा नंबरचे या दोघांनी घेतले. जुना नकाशा आणि दोरी घेऊन क्लिफर्डने एकदा हौसेने मोजले होते. त्यांची झोपण्याची खोली बरोबर त्या केबिनच्या जागी येत होती.

“म्हणजे लग्न करून मी कुठेच गेले नाही,” एनिड तेव्हा म्हणाली होती. “तूच काय तो आलास.”

आता ती त्या खोलीत पडून होती. तिचे हृदय थकले होते. सप्टेंबरच्या अखेरीस डॉक्टरांनी स्वयंपाकघरात क्लिफर्डला आणि हेदरला बसवून हळू आवाजात सांगितले होते, की आठवडा. फार तर दोन.

त्या मंगळवारी तो घरी आला तेव्हा एनिड जागी होती.

“आलास? गाडी का थांबली आहे रे?”

“कसली गाडी, एनिड?”

“ते मला काय ठाऊक. थांबली आहे एवढं कळतंय.” तिने खिडकीकडे पाहिले आणि पुन्हा डोळे मिटले.

औषधांनी असे होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते.

४

शुक्रवारी घंटा पुन्हा वाजली. त्याच वेळी. एक टोला. या वेळी क्लिफर्डने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. तरी तीन आणि एक वाजलेच. पंधरा मिनिटांनी पुन्हा. आणखी पंधरा मिनिटांनी पुन्हा.

तो बुद्धीवर विश्वास ठेवणारा माणूस होता. शाळा चौदाव्या वर्षी सुटली असली तरी शहराच्या वाचनालयातली विज्ञानाची कपाटे त्याने दोनदा संपवली होती. त्याने वही काढली. खांब ठोकण्याचे काम कोणत्या वेळी चालते ते नदीमकडून लिहून घेतले. सोमवारी ते बंद असते असे समजल्यावर तो सोमवारी गेला. मांडवात चिटपाखरू नव्हते. धूळ अडवण्यासाठी टांगलेले पांढऱ्या प्लास्टिकचे पडदेसुद्धा निश्चल होते. दोन दहाला घंटा वाजली.

मग त्याने घंटेभोवती रुमाल घट्ट गुंडाळला. तसे केल्याने कान फसत असतील तर कळेल, असा त्याचा हिशेब होता. टोले बुजल्यासारखे आले, उशीखालून यावेत तसे. पण रुमालाच्या आत हातोडा उठत होता आणि पडत होता. पातळ कापडाखाली तो हलताना स्पष्ट दिसत होता. तिसऱ्या टोल्यानंतर तो किंचित वर उचललेलाच राहिला. मग पडला.

क्लिफर्ड स्टुलावर बसला. 

ज्या टोल्याला छप्पन्न वर्षांपूर्वी तो ओळखत होता, त्याबद्दल त्याला शंका घेता येईना.

घरी आल्यावर हेदर दारातच भेटली. “डॅड, एक गंमत सांगू? तुम्ही गेलात ना, की दोनच्या सुमाराला आईचं बोट चालतं. पलंगाच्या लाकडावर. झोपेतच.”

“किती वेळा?”

“काय प्रश्न विचारता! मोजत कोण बसलंय?” पण तिने मोजले होते. ती भुवया आवळून म्हणाली, “तीन. आणि मग एक. मध्ये अशी थांबते, की वाटतं आता डोळे उघडून हसणार.”

क्लिफर्डने कोट खुंटीला लावला. त्याला फार वेळ लागला.

दोन आठवडे उलटले. तिसरा उलटला. डॉक्टर आले, नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि म्हणाले की सग्डनबाई चिवट आहेत. तेव्हा क्लिफर्डच्या मनात जे आले त्याची त्याला नंतर लाज वाटली. त्या क्षणी मात्र त्याला इतका आनंद झाला की डॉक्टर जाताच त्याने स्वयंपाकघराचे दार लावून घेतले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तो हसला. गाडी पाठवू का, असे विचारणे होते. विचारणाऱ्याला नियम ठाऊक होता. उत्तर मिळाल्याखेरीज गाडी निघणार नव्हती. आणि उत्तर देणारा तो होता.

त्याने फक्त गप्प बसायचे होते. एवढे त्याला येत होते.

आता तो रोज जाऊ लागला. घंटा ऐकायची, तिच्यासमोर उभे राहायचे, हात मागे धरायचे. “आज नाही,” तो कधीकधी पेटीला सांगे. “आज नाही, बाई.”

५

नोव्हेंबर लागला. एनिडचे खाणे कस्टर्डच्या दोन चमच्यांवर आले, मग एकावर. तिचे पाय सुजले. श्वास घेताना छातीत भिजलेले कापड ओढल्यासारखा आवाज होई. कूस बदलवताना ती ओरडत नसे, पण हेदरचे मनगट धरी, आणि दुसऱ्या दिवशी हेदरच्या मनगटावर चार निळे डाग दिसत.

“हे बरोबर नाही, डॅड,” एका सकाळी हेदर भांडी विसळता विसळता म्हणाली. “मला ती हवी आहे. देवाशप्पथ हवी आहे. पण हे तिला कुणी करायला लावतंय असं वाटतं. जणू कुणीतरी धरून ठेवलंय.”

 गप्प बसण्याची क्लिफर्डला आता सवय झाली होती.

त्या गुरुवारी दुपारी तो केबिनला गेला नाही. एनिडजवळ बसला. खोलीत लॅव्हेंडरच्या साबणाचा आणि औषधांचा वास होता. दोन वाजून दहा मिनिटांनी तिचे बोट उठले आणि पलंगाच्या लाकडावर एकदा पडले. त्याने ते बोट आपल्या मुठीत घेतले. मुठीतही ते हलत राहिले, पाखराच्या छातीसारखे.

“क्लिफ,” ती म्हणाली. डोळे उघडे होते, आणि किती दिवसांनी त्यांत ती स्वतः होती. “पुढच्या केबिनला कोण बसलाय रे?”

“असेल कुणी नवशिका.”

“छे. नवशिका घाबरून लगेच रस्ता देतो. हा कुणी मुरलेला आहे.” ती दम घेत थांबली. “हट्टी मेला.”

“त्याच्याकडे जागा नसेल, एनिड. फलाट भरलेले असतील.”

“पन्नास वर्षं रिकामे पडलेत ते फलाट. मला सांगतोस?” ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटले आणि लगेच दुखण्याने पुसून नेले. बराच वेळ फक्त तो भिजलेला आवाज. “डब्यात फार थंडी आहे, क्लिफ. पाय गार पडलेत. किती वेळ असं बसायचं माणसानं?”

त्याने रजईखाली हात घालून तिची पावले धरली. ती खरोखरच बर्फासारखी होती.

“तो मी आहे, एनिड,” तो म्हणाला.

“मला काय माहीत नाही?” ती म्हणाली. “टोला ओळखते मी तुझा. तू गप्प असलास तरी ओळखते.”

६

शुक्रवारी बरोबर दोन वाजता क्लिफर्ड केबिनमध्ये उभा होता. त्याने चांगला कोट घातला होता. दोन दहाला टोला पडला. त्याने टोला दिला. तीन, आणि जरा उशिराने एक.

क्लिफर्डने कळेवर बोट ठेवले. तीन. एक. मग काटा ‘मोकळा’वर फिरवला. तो कुरकुरत फिरला आणि तिथेच राहिला.

इतकेच. काही हादरले नाही. खाली कोणीतरी रेडिओबरोबर बेसूर गात होते.

तो घाईघाईने जिना उतरला आणि बस पकडून घरी आला. एनिडचा श्वास बदललेला त्याला दारातूनच ऐकू आला. हेदर पलंगाच्या एका बाजूला होती. तो दुसऱ्या बाजूला बसला आणि त्याने बायकोचा हात तळव्यावर घेतला.  बाहेर शेजाऱ्यांच्या कुत्र्याला कोणी रागावत होते. तीन वाजून गेले.

मग एनिडच्या बोटाने त्याच्या तळव्यावर दोन टोले दिले. दोन म्हणजे ‘गाडी निघाली’.

त्याने तिच्या तळव्यावर दोन टोले दिले.

कपाटातले कप एकमेकांवर किणकिणले. आधी हळू, मग एकाच लयीत. फरशीखालून काहीतरी जड, सावकाश पुढे सरकत गेले. अकरा नंबरच्या आसपास सदुसष्टनंतर एकही गाडी धावली नव्हती. हेदरने मान वर करून कपाटाकडे पाहिले, मग बापाकडे. “लॉरी असेल,” ती कोरड्या तोंडाने म्हणाली.

आवाज विरला तेव्हा एनिडचा श्वासही थांबलेला होता.

हेदरने आईच्या कपाळावर ओठ टेकले आणि ती रडू लागली. क्लिफर्डला रडू आले नाही. त्याला एकदम आठवले. रस्ता त्याने दिला होता. पण गाडी आत घेण्यासाठी सिग्नल पाडलाच नव्हता. चांगला कोट घालून गेला, कळ दाबली, काटा फिरवला, आणि ज्या गोष्टीवाचून गाडी आत येऊच शकत नाही तो सिग्नलचा चौथा खटका ओढायला विसरून घरी पळत आला. अशी चूक करणाऱ्या माणसाला वॉल्टर हेगने केबिनच्या पायरीवरही उभे केले नसते. गाडी आता टर्मिनसच्या बाहेर, लाल सिग्नलपाशी, थंडीत उभी असणार.

तो उठला.

“डॅड? कुठे निघालात?”

“सिग्नल पाडायचा राहिलाय.”

“आत्ता?” हेदरचा आवाज फाटला. “आई अजून गार झाली नाहीये! तुम्हाला आत्ता ती केबिन सुचते?”

“ती बाहेर थांबली आहे, पोरी,” तो म्हणाला. याहून अधिक त्याला समजावता येईना, आणि तो निघाला.

७

कुंपणाशी नदीम घरी जाण्याच्या तयारीत होता. “आज दुसऱ्यांदा? मिस्टर सग्डन, इथेच पथारी टाकता की काय?” एवढे बोलून त्याने म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला, आणि बाकीचे शब्द गिळून फाटक उघडले.

सव्वाचार झाले होते. मांडवात तिन्हीसांजेचा करडा उजेड होता. केबिनमध्ये काटा ‘गाडी मार्गावर’ या जागी उभा होता. क्लिफर्डने तो ‘मोकळा’वर सोडला होता.

त्या खटक्यांना आता काहीच जोडलेले नव्हते. तारा, कप्प्या, खांब सगळे भंगारात गेले होते. पितळ घासताना तो खटके एका हाताने मागेपुढे करीत असे. त्याने चौथ्या खटक्याला हात घातला. तो हलला नाही. त्याने दोन्ही हात लावले, पाय रोवला, तरुणपणी करीत असे तसे सगळे अंग मागे टाकले. खटका सावकाश आला. पाव मैल लांबीची तार ताणली जावी, दूर कुठेतरी सिग्नलचा लाकडी पंखा खाली पडावा, तसा तो शेवटी एकदम सैल झाला.

मग क्लिफर्ड खिडकीपाशी उभा राहिला. शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ‘गाडी पोहोचली’ असे कळवायचे नाही, हा नियम होता. गाडी मध्येच तुटून काही डबे मागे राहिले असतील, तर ते एरवी कसे कळणार?

प्रथम प्लास्टिकचे पडदे आत फुगले. एक, मग त्याच्या पलीकडचा, मग त्याच्याही पलीकडचा. त्यानंतर केबिनच्या छतावर पिवळ्या उजेडाचे चौकोन सरकू लागले. डब्यांच्या खिडक्यांतला उजेड रात्रपाळीत छतावर असाच सरकत असे. खाली पाहायचे नाही, असे त्याने ठरवले होते. तिला खिडकीत पाहिले तर आपले हात काय करतील याची त्याला खात्री नव्हती. म्हणून तो छताकडे पाहत राहिला.

पहिल्या चौकोनात एक सावली होती. लोकरी टोपी घातल्यासारखी. ती पुढे सरकली.

दुसऱ्या चौकोनातही सावली होती. तिसऱ्यात दोन. चौथ्यात किती ते सांगता येईना. खांद्याला खांदा लावून माणसे दाटीने उभी होती. फार वेळ उभे राहिलेल्या माणसांसारखी ती थोडी वाकली होती. कोणी हलत नव्हते. एकामागून एक चौकोन येत होते आणि सगळे भरलेले होते. एका सावलीच्या कडेवर लहान मूल होते.

क्लिफर्डने खिडकीची चौकट धरली. सहा आठवडे त्याने एकट्या एनिडला थांबवून ठेवले नव्हते.

छत पुन्हा अंधारले. खाली, पडद्यांच्या पलीकडे, एक लहानसा लाल दिवा फलाटाच्या दिशेने आत गेला आणि थांबला. डब्याचे दार उघडल्याचा आवाज आला. मग आणखी दारांचा. पावले. पुष्कळ पावले, कसलीही घाई नसलेली. त्यांत एक चाल अशी होती की दर चार पावलांमागे ती किंचित रेंगाळे.

तो उभ्याउभ्याच हळू आवाजात म्हणाला, “उशीर झाला. माफ करा.”

मग त्याने कळ दाबली. दोन टोले, आणि एक. गाडी पोहोचली. काटा ‘बंद’वर आणला.

याचेही उत्तर यायचे असते. तो घंटेसमोर उभा राहिला. पाच मिनिटे, दहा मिनिटे. पूर्ण काळोख पडला. टॅनर्स ब्रिजकडून उत्तर आले नाही. त्या टोकाला आता कोणी नव्हते.

तेव्हा त्याला रडू आले.

८

अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा माणूस त्या संध्याकाळी फार उशिरा घरी आला. सहा आठवडे आमच्याकडे जवळजवळ काही काम नव्हते, आणि आज दुपारपासून टेलिफोन थांबायचे नाव घेत नाही, असे सांगून त्याने टोपी काढून क्षमा मागितली. हेदर त्याला चहा द्यायला उठली. बापाशी ती त्या रात्री बोलली नाही. चौथ्या दिवशी, एनिडला पोहोचवून परतताना, तिने त्याच्या कोटाच्या बाहीत हात घातला आणि तो तसाच ठेवला.

पुढच्या दोन आठवड्यांत क्लिफर्ड अठ्ठावीस अंत्यविधींना गेला. वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता पाहून त्या शुक्रवारी गेलेल्यांची नावे त्याने उतरवून घेतली होती. त्यांतल्या एकालाही तो ओळखत नव्हता. तो मागच्या बाकावर बसे, आणि निघताना घरच्यांचा हात हातात घेऊन ‘माफ करा’ एवढे दोनच शब्द बोले. लोक त्याला मृताचा जुना सहकारी समजत. तीन वर्षांच्या एका मुलीच्या वेळी मात्र त्याला आत जाववले नाही. तो फाटकाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

टर्मिनस मार्चमध्ये सुरू झाले. केबिन लोकांसाठी उघडली, तेव्हा माहिती सांगायला दुसरा माणूस नेमावा असे क्लिफर्डने पत्र लिहून कळवले. घंटेतला हातोडा नदीमने त्याच्याच विनंतीवरून काढून ठेवला आहे. क्लिफर्ड आता महिन्यातून एकदा हेदरकडे जातो, सेंट ऑस्विनहून सुटणाऱ्या गाडीने. परतताना ही गाडी बहुधा स्टेशनाबाहेर सिग्नलपाशी थांबते, आणि डब्यातली माणसे कुरकुर करू लागतात. पूर्वी अशा वेळी तो घड्याळ काढून किती मिनिटे गेली ते मोठ्याने सांगत असे. आता तो शेजारच्या माणसाला थंडी वाजते का एवढे विचारतो, आणि वाजत असेल तर आपला मफलर काढून देतो.